नुसत्या जॅकवर

आबांची पहिली पाचर नाहीशी झाली तेव्हा संशय माझ्यावर आला. माझं शिवणयंत्र पुढच्या खोलीत खिडकीशी होतं आणि खिडकीसमोरच अंगणात ट्रक उभा राहायचा.

"तू खिडकीमा बसेल ऱ्हास ना दिनभर?" आबांनी बाहेरून विचारलं.

"हो, आबा."

"मंग तुले कोन्ही दिसनं नही?"

मी नाही म्हटलं. मग खिडकीच्या गजांमधून माझ्या पायाजवळची चिंध्यांची टोपली आबांनी नीट बघून घेतली. चाकाखाली लावायचा बाभळीचा हातभर तुकडा मी चिंध्यांखाली कशाला लपवीन, हे त्यांनाच ठाऊक.

आबा म्हणजे माझे सासरे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रक चालवला. पिंपळनेरचा कांदा धुळ्याला न्यायचा, कधी कोंडाईबारीचा घाट उतरून सुरतेला. वय झाल्यावर स्टिअरिंग माझ्या नवऱ्याकडे आलं, पण गाडीच्या पोटाखालचं काम आबांनी कुणाला दिलं नाही. ग्रीस भरणं, ब्रेकचे लायनर बदलणं, स्प्रिंगचा तुटलेला पाटा काढून नवा बसवणं, सगळं तेच करायचे. गाडी जुनी, दोन मालक करून आमच्याकडे आलेली, आणि आबांचा तिच्यावर काडीचा भरवसा नव्हता. तसा तो दूधवाल्याच्या मापावरही नव्हता आणि मोबाईलमधल्या पावसाच्या अंदाजावरही नव्हता. पण सगळ्यात कमी भरवसा जॅकवर.

"जॅक उचलाले शे, धराले नही," ते म्हणायचे.

माझं माहेर जळगावचं. तिथे गाडी पंक्चर झाली की माझा भाऊ रस्त्याच्या कडेला जॅक लावायचा, चाक बदलायचा आणि हात पुसत चहा प्यायला जायचा. लग्न होऊन इथे आले आणि आबांचं काम पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, आज काहीतरी पूजा आहे. ट्रक उभा करायच्या जागी त्यांनी काँक्रीट ओतून घेतलं होतं, कारण मातीत जॅक खचतो. गाडी गिअरमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा, आणि तरीही जी चाकं जमिनीवरच राहणार त्यांच्या पुढे आणि मागे पाचरी ठोकायच्या. चाक उतरवायचं असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. मग एक्सलखाली जॅक. गाडी हवी तेवढी उचलली की एक्सलच्या दोन्ही बाजूंना एकेक घोडी लावायची. घोडी म्हणजे तीन पायांचा लोखंडी टेकू. मधल्या दांड्याला भोकं असतात, हव्या त्या उंचीच्या भोकात पिन घालायची. मग जॅक हळूच सोडून सगळा भार घोड्यांवर घ्यायचा. एवढ्यावर आबा थांबायचे नाहीत. गाडीला खांदा लावून जोरात हलवून बघायचे. हलली नाही तरी काढलेलं चाक आडवं करून चेसिसखाली सरकवायचे. त्यानंतर कुठे पोतं अंथरून ते खाली जायचे, आणि खालून पहिला प्रश्न यायचा, "जॅकले कोन्ही हात लावना का?"

पाचर जायच्या थोडेच दिवस आधी एक प्रकार झाला होता. आबांनी मागचा एक पाटा बदलला आणि कपडे झटकत बाहेर आले, तर एका बाजूची घोडी एक्सलखाली नव्हती, ती बाजू नुसत्या जॅकवर होती. घोडी शेजारच्या भिंतीला टेकून उभी होती. ती भिंत नानांची. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. वाटणी झाल्यावर दोघांच्या मध्ये भिंत आली, पण भिंतीत एक दार ठेवलं होतं. नाना त्या दिवशी सकाळी पाण्याचा कॉक फिरवायला त्या दारातून इकडे येऊन गेले होते. आबांना तेवढं पुरलं.

"मी खाल व्हतू आन् यानी घोडी काढी लिधी," ते घरात येऊन म्हणाले.

"नाना असं कसं करतील?" माझा नवरा म्हणाला.

"तुले माहीत नही."

त्यामुळे पाचर गेली तेव्हा माझ्यानंतर लगेच नानांचा नंबर लागला. नानांकडे आंघोळीचं पाणी बंबावर तापतं. आबा काहीतरी निमित्त काढून त्यांच्या अंगणात गेले आणि एका काडीने बंबाखालची राख उकरू लागले. मी खिडकीतून भिंतीपलीकडचं फक्त आबांचं डोकं बघत होते. ते खाली जायचं, वर यायचं.

"काय शोधी ऱ्हायना?" नानांचा आवाज आला.

"काही नही."

"बाभूळ शोधी ऱ्हायना ना? मन्हा बंबमा लिंब शे. दख, चांगलं दख."

आबा परत आले आणि त्यांच्या पाठोपाठ भिंतीतलं दार बंद झालं. कडी लागल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. माझी सासू, तिला आम्ही माय म्हणतो, ती चुलीजवळ भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

आबांनी सुताराकडून नवी पाचर करून आणली. ती आठवडाभर राहिली आणि जुन्या एकीला बरोबर घेऊन गेली. मग एक घोडी गेली. घोडी काही पाचरीसारखी हलकी नसते. तिला उचलायला दोन हात लागतात, लपवायला जागा लागते. आता आबांनी भंगारवाल्याला अंगणात पाऊल टाकू देणं बंद केलं. तो रस्त्यावरूनच ओरडायचा आणि आबा ओट्यावर बसून तो नजरेआड होईपर्यंत बघत राहायचे. उरलेली घोडी, उरलेल्या पाचरी, जॅक आणि त्याची दांडी त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये ठेवून कुलूप लावलं.

टेकू एकच उरला म्हणून आबा गाडीखाली गेले नाहीत. इकडे मागचे लायनर झिजून ब्रेक दाबला की गाडी किंचाळायला लागली. नवरा म्हणाला, साक्रीच्या गॅरेजला नेतो. आबा म्हणाले, तिथला मिस्तरी चांगला पार्ट काढून ठेवतो आणि जुना बसवतो. नव्या घोड्या आणू म्हटलं तर बाजारातल्या घोडीच्या जोडावर त्यांचा भरवसा नाही. गाडी उभीच राहिली.

मग एका दुपारी केबिन उघडलं तर दुसरी घोडी नव्हती, पाचरी नव्हत्या आणि जॅकची दांडीही नव्हती. कुलूप जसंच्या तसं. किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्यावर, रोज असते तिथेच.

आबांनी खिळ्यावरची किल्ली काढून हातात घेतली.

"चोर घरमाच शे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून घरातलं बोलणं आटलं. आबा जेवताना एकेकाच्या हातांकडे बघायचे. मी पाणी दिलं की तांब्या फिरवून बघायचे की काय, असं मला वाटायला लागलं. आणि खरं सांगायचं तर मीही बघायला लागले होते. मला संशय होता नवऱ्याचा. त्याला हा ट्रक विकून छोटी पिकअप घ्यायची होती. धुळ्याच्या एका एजंटशी तो गच्चीवर जाऊन फोनवर बोलायचा, हे मी ऐकलं होतं. आबांची हत्यारं गेली, काम थांबलं, गाडी बसून राहिली, की आबा कंटाळून हो म्हणतील, असा हिशोब त्याने केला असेल, असं मला वाटलं. एकदा डोक्यात आलं की सगळं त्यातच बसत गेलं. तो घोडीबद्दल फारसं बोलत का नाही? पाचरी शोधायला त्याने मदत का केली नाही?

शेवटी मी विचारलंच.

"तुम्ही तर नाही ना ठेवलं कुठे?"

तो शर्टाची बटणं लावत होता. थांबला. "मी? बापाच्या वस्तू मी चोरू?"

"चोरू नाही म्हणाले. ठेवलं का, विचारलं."

"आणि तूच म्हणायचीस ना, ट्रक गेला की अंगणात शेड टाकून शिवणाचे क्लास काढता येतील?"

मी तसं म्हटलं होतं. गमतीत नाही, मनापासून म्हटलं होतं. नवरीच्या ब्लाऊजला डिझेलचा वास लागला म्हणून गिऱ्हाईक परत गेलं, त्या दिवशी. त्याने ते लक्षात ठेवलं होतं, आणि माझ्याकडे तो ज्या नजरेने बघत होता ती आबांची नजर होती. पुढचे काही दिवस आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोललो.

एक दिवस सकाळी आबा कुठूनतरी लोखंडी पाईपचा तुकडा घेऊन आले. जॅक तेवढा राहिला होता. दांडीच्या जागी त्यांनी तो पाईप घातला, बसतो की नाही बघितलं आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला म्हणाले, "गाडी सरळ कर. लायनर आजच बदलसू."

"घोड्या कुठे आहेत, आबा?"

"नही तं नही."

नवऱ्याने ट्रक काँक्रीटवर सरळ उभा केला. आबांनी पुढच्या चाकांखाली विटा लावल्या. विटा! ज्या माणसाने वीट भाराखाली फुटते म्हणून मला कुंडीखालचीसुद्धा वीट काढायला लावली होती, त्याने. मी मशीन थांबवलं. आबांनी मागच्या एक्सलखाली जॅक सरकवला आणि पाईप वर-खाली करायला लागले. ट्रकची मागची बाजू कुरकुरत उठली. चाकांखालून उजेड दिसायला लागला. मग त्यांनी पोतं झटकलं, ट्रकखाली अंथरलं आणि त्यावर बसले. पाय आत.

"आज नुस्ता जॅकवरच काम करस मी," ते मोठ्याने म्हणाले. हे बोलताना ते नवऱ्याकडे बघत नव्हते. माझ्या खिडकीकडे बघत होते.

मी धावत बाहेर आले. मांडीवरचं कापड पायरीवर पडलं.

"आबा, नका जाऊ खाली."

"घोडी कोठे शे?" त्यांनी मला विचारलं. शांतपणे, जणू उत्तर माझ्या तोंडातच आहे.

"मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही."

"मंग कसाले पयत उनी?"

धावत का आले! मला रडूही येईना. नवरा पुढे झाला, त्याने आबांच्या खांद्याला हात लावला, आबांनी तो झटकला आणि पोत्यावर आडवे व्हायला लागले. तेवढ्यात घराच्या मागून आवाज आला, "उठा तठून!"

माय गोठ्याकडून येत होती. एका हाताने पदर धरलेला आणि पदरात ओझं. दुसऱ्या हाताने ती घोडी ओढत आणत होती. लोखंडाचे पाय फरशीवर खरडत होते आणि मागे शेणाचा भुगा सांडत होता. ट्रकजवळ आल्यावर तिने पदर सोडला. सगळ्या पाचरी एकावर एक पडल्या.

"हाई ल्या तुम्हनं. दुसरी घोडी गोवऱ्यास्ना ढिगमा शे. दांडी बी शे. पहिले उठा."

आबा उठले नाहीत. बसल्या जागी तिच्याकडे बघत राहिले.

"तू?"

"हा, मी. बठ्ठं मीच दपाडी ठेवं."

"कसाले?"

मायने आधी हात देऊन त्यांना ट्रकखालून ओढून काढलं. मग ओट्याच्या कडेला बसली आणि सांगायला लागली.

पाटा बदलला त्या दिवशी ती आबांना पाणी घेऊन आली होती. आबा खाली होते, खालून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. तिने वाकून बघितलं तर एका बाजूला घोडी होती आणि दुसऱ्या बाजूला जॅकशिवाय काहीच नव्हतं. दुसरी घोडी भिंतीला टेकून होती. हाक मारली तर ते दचकून काहीतरी ओढतील, म्हणून ती तोंडातून अवाक्षर न काढता तांब्या धरून उभी राहिली. ते आपणहून बाहेर येईपर्यंत तशीच उभी राहिली. ते बाहेर येताना दिसले तशी मागच्या मागे घरात गेली.

"मी घोडी लायेल व्हती," आबा म्हणाले.

"नही. ती भिंतले टेकेल व्हती. मी दखं."

"नानानी काढी."

"नाना कव्हयच चालना गया व्हता."

"कोनती बाजू?"

"भिंतनी."

आबांनी भिंतीकडे बघितलं. त्यांना काहीतरी आठवलं असावं. आपण एक घोडी लावली, मग पिन शोधायला उठलो, मग दुसरीकडे गेलोच नाही, असं काहीतरी. ते मोठ्याने म्हणाले मात्र, "तुले आते दिसत नही."

मायने त्यांचा उजवा हात उचलून आपल्या हातावर ठेवला. आम्ही सगळ्यांनी बघितलं. बोटं थरथरत होती. पाईप मारून थकल्यामुळे असतील, पण ते मायलाही ठाऊक होतं आणि आबांनाही, की नुसत्या तेवढ्यामुळे नाही. चहाची बशी ते हल्ली खाली ठेवून पीत होते.

"माले सांगती तं," आबा म्हणाले.

"सांगतू तं तुम्ही ऐकतात का?" माय म्हणाली. "पोऱ्यापुढे सांगतू तं तुम्हले लागतं. माले माहीत व्हतं, टेकू नही तं तुम्ही खाल जातस नही. जनमभर कधी गयात नही. आज कसा गयात?"

"मी कोठे जाई ऱ्हायंतू?" आबा एकदम चिडले. "चोर काढाले बसनू व्हतू मी!"

म्हणजे ते पोतं, त्या विटा, माझ्या खिडकीकडे बघून बोललेलं ते वाक्य, सगळं चोरासाठी लावलेला सापळा होता. आणि सापळा माझ्यासाठी होता. खरोखर खाली जाणार नव्हते, असं ते पुढे कितीतरी वेळा सांगत राहिले. मला ते पटतं, पण पूर्ण नाही. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत आत गेले होते.

या सगळ्या बोलण्यात ट्रककडे कुणाचं लक्ष नव्हतं. नवऱ्याचं गेलं. "आबा," तो हळू आवाजात म्हणाला. चाकाखालचा उजेड कमी झाला होता. आम्ही बघत असतानाच तो आणखी कमी झाला. कसलाही आवाज नाही, धक्का नाही. जॅकच्या बुडाशी तेलाचा ओला डाग पसरत होता आणि ट्रक आपला हळूहळू खाली येत होता. चाकं काँक्रीटला टेकली तेव्हा मायने डोळे मिटले. आबा पोत्याकडे बघत होते. मग आबांनीच उठून ते पोतं ओढून घेतलं, घडी घातली आणि ओट्यावर ठेवलं.

जॅकचं सील धुळ्याहून बदलून आणलं. लायनर नवऱ्याने बदलले, त्याच अंगणात. आबा खाट टाकून बसले होते. पाचरी त्यांनी मोजून घेतल्या आणि मग मला हाक मारली.

"पिन दख. आरपार जायेल शे का?"

"गेली आहे, आबा."

"हात लाई दख. दोन्ही बाजू."

मी दोन्ही बाजूंना जाऊन दोन्ही पिना हाताने चाचपल्या. मग गाडीला खांदा लावून हलवून बघितलं, त्यांनी सांगितलं म्हणून. नवरा पोतं अंथरून खाली गेला. मी सांगितलेलं आबांना पुरलं नाही. ते स्वतः उठले आणि मी बघितलेल्याच पिना पुन्हा बघून आले. तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. मशीनवरून उठायचं, पिना बघायच्या, परत येऊन बसायचं. माझ्यामागून आबा पुन्हा बघतात.

मला ते कधी काही म्हणाले नाहीत. चुकलं असं नाही आणि दुसरंही नाही. नानांकडचं दार बरेच दिवस बंद राहिलं. मग एकदा आबाच ओंजळभर लसूण घेऊन पुढच्या रस्त्याने, अख्खा वळसा घालून त्यांच्याकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी नाना पाण्याचा कॉक फिरवायला दारातून आले, ट्रककडे न बघता गेले. पिकअप अजून घेतलेली नाही. नवरा गच्चीवर फोनवर बोलतो तेव्हा मी कान देत नाही, असं त्याला वाटतं.

मायवर मात्र माझा राग होता. एक दिवस ती गोवऱ्या थापत होती, मी पाण्याची बादली नेऊन ठेवली आणि विचारलं.

"आबा माझ्यावर संशय घेत होते. तुम्हाला दिसत होतं. तुम्ही गप्प राहिलात."

तिने शेणाचा गोळा हातावर फिरवला आणि जमिनीवर थापला.

"संशय पोऱ्यावर येता तं तो गाडी लई निंघी जाता. नानावर तं व्हताच. तू तग धरशी असं वाटनं माले."

हे कौतुक होतं की काय होतं, मला कळलं नाही. मग म्हटलं, "पुढच्या वेळी मला आधी सांगा."

"सांगसू," माय म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली, की माझा काही त्यावर विश्वास बसला नाही.